छोट्या बाथरूममध्ये टॉवेल वाळवायला भिंतीवरचा घडीचा स्टँड: आठ महिने वापरून लिहितेय

टॉवेल धुतलेला असतो, नीट वाळलेला वाटतो, घडी घालताना नाकाला लावला तर काही वास नसतो आणि आंघोळ करून तोंड पुसायला घेतला की दोन मिनिटांत तो कुबट वास येतो. ज्यांच्या घराला बाल्कनी नाही, ज्यांचे टॉवेल आणि रोजचे बारीकसारीक कपडे बाथरूममध्येच वाळतात, त्यांना मी कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळलं असेल. आमच्याकडे जवळजवळ दोन वर्षं हे चाललं होतं. साबण बदलला, पावडर बदलली, टॉवेल नवे घेतले, नव्यांनाही महिन्याभरात तोच वास. शेवटी लक्षात आलं की धुण्यात काही चुकत नाहीये, वाळवण्यात चुकतंय.

आमचं बाथरूम आतून एक मीटर वीस रुंद, दोन मीटर लांब, उंची दोन मीटर चाळीस. त्यातच कमोड, बेसिन आणि शॉवर. माणसं चार, मी, नवरा, लेक आणि आई. लेक पोहायला जाते त्यामुळे तिचा स्विमिंग कॉस्च्यूम आणि टोपी रोज ओली. शिवाय मोजे, आतले कपडे, हात पुसायचे नॅपकिन. मोठे कपडे हॉलमधल्या स्टँडवर जातात, पण चार ओले टॉवेल आणि एवढा बारीक माल रोज हॉलमध्ये पसरणं शक्य नाही, आणि आतले कपडे हॉलमध्ये आईला अजिबात चालत नाहीत. मलाही नाही.

आधी काय काय करून पाहिलं ते थोडक्यात सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. दारावर अडकवायचे हुक घेतले, चार हुक चार टॉवेल, दिसायला छान पण टॉवेल एका बिंदूवर लटकतो त्यामुळे त्याच्या चुण्या पडतात, चुण्यांच्या आत हवाच जात नाही आणि शेजारचे दोन टॉवेल एकमेकांना चिकटून राहतात. व्हॅक्यूमने चिकटणारी दांडी घेतली, ती गुळगुळीत टाइलवर राहते पण आमच्या टाइल्स जरा खरखरीत आहेत, रबराची कडा कुठे ना कुठे हवा घेतेच, गरम पाण्याची वाफ झाली की रात्री धाडकन खाली. मग ती ओढून लावायची दोरी, डबीतून बाहेर येते आणि समोरच्या हुकात अडकते ती. बारीक कपड्यांना ती खरंच चांगली आहे, मोजे हातरुमाल एवढंच असेल तर तीच घ्या. पण दोन ओले टॉवेल टाकले की दोरी मधे झोळ खाते आणि दोन्ही टॉवेल घसरत घसरत मधोमध एकत्र येतात, म्हणजे परत तेच. छताला लावायचा पुलीचा स्टँडही बघितला होता, पण आईचा खांदा दुखतो, तिला दोरी ओढून वर करणं जमलं नसतं, आणि बाथरूममधली वस्तू घरातल्या प्रत्येकाला स्वतःची स्वतः वापरता आली पाहिजे यावर मी ठाम आहे.

तर शेवटी घेतला तो भिंतीवर बसवायचा, पुढे ओढला की उघडणारा, ढकलला की मिटणारा स्टँड. दोन्ही बाजूंना कात्रीसारख्या पट्ट्या आणि मधे सात दांड्या. मिटलेला असताना भिंतीपासून साधारण आठ सेंटीमीटर, पूर्ण उघडला की पंचावन्न. दांडी साठ सेंटीमीटर रुंद, म्हणजे सात दांड्यांचे मिळून चार मीटरच्या वर वाळत घालायला मिळतात आणि काम झालं की सगळं भिंतीला चिकटून बसतं, शॉवरखाली उभं राहताना डोक्याला लागत नाही. कमोडच्या मागच्या भिंतीवर, टाकीच्या वर लावलाय. तिथे शॉवरचं पाणी उडत नाही आणि ती जागा एरवी कशाच्याच कामाची नव्हती. फक्त फ्लश करताना कमोडचं झाकण लावायची सवय घरात सगळ्यांना लावावी लागली, ती तशीही हवीच.

हा खरं तर माझा दुसरा स्टँड. पहिला दिसायला हुबेहूब असाच होता, वर "स्टेनलेस स्टील" असं लिहिलेलं, आणि दोन महिन्यांत जोडांपाशी तांबूस डाग. लेकीच्या पांढऱ्या टॉवेलवर गंजाची सरळ रेघ उमटली, ती अजून गेली नाही. विकणाऱ्याने सांगितलं की तुम्ही पुसत नाही म्हणून. बाथरूममधली वस्तू रोज पुसून कोरडी ठेवायची असेल तर ती बाथरूमची वस्तूच नाही, असं माझं मत आहे आणि मी ते त्याला सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत.

यातून शिकले ते असं की नुसतं "स्टेनलेस" या शब्दाला काही अर्थ नाही, ग्रेड विचारायची. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ओल्या जागेला हे टिकतं. २०१ किंवा २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते स्वस्त पडतं आणि बाथरूमच्या दमट हवेत लवकर डाग धरतं. पुष्कळ जण सांगतात लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर नकली. ती अर्धीच गोष्ट आहे. चुंबकाने ४३० सारखी ग्रेड पकडली जाते, पण २०१ आणि २०२ लाही चुंबक जवळपास चिकटतच नाही, ३०४ सारखंच. म्हणजे चुंबक चिकटला नाही म्हणून ३०४ असेलच असं नाही. माझा पहिला स्टँड चुंबकाच्या परीक्षेत पास झाला होता. त्यामुळे वस्तूवर ग्रेड कोरलेली आहे का, बिलावर ती लिहून देतात का, एवढं तरी बघा. आत्ताच्या स्टँडच्या पट्टीवर ३०४ कोरलेलं आहे आणि आठ महिन्यांत एकही डाग नाही, स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा नाही. स्क्रू मात्र तपासा, कारण काही ठिकाणी स्टँड चांगला आणि सोबतचे स्क्रू साध्या लोखंडाचे असं देतात, मग गंज स्क्रूपासून सुरू होतो आणि टाइलवर ओघळ येतात.

बसवण्याबद्दल लिहायलाच हवं कारण इथे खूप जणांचं बिनसतं. बॉक्सवर पंधरा किलो वजन झेपतं असं लिहिलंय. ओले टॉवेल कितीही टाकले तरी तेवढं होत नाही, धुवून पिळलेला एक मोठा टॉवेल पाऊण किलोच्या आसपास, चार टाकले तर तीन किलो. पण वजन कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. आमच्या स्टँडचे वरचे आणि खालचे स्क्रू यांच्यात अठरा सेंटीमीटर अंतर आहे. पूर्ण उघडून पुढच्या दांडीवर, म्हणजे भिंतीपासून पन्नास सेंटीमीटरवर, पाच किलो लटकवलं तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर जवळजवळ चौदा किलोचा येतो. तरफेचं गणित आहे साधं, पाच गुणिले पन्नास भागिले अठरा. म्हणून जड टॉवेल नेहमी भिंतीकडच्या दांड्यांवर आणि मोजे-रुमाल पुढच्या दांड्यांवर. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की हे लोंबकळायचं नाही.

भोकं पाडताना टाइलसाठी वेगळं मिळतं ते भाल्याच्या टोकासारखं बिट वापरायचं. टाइलवर आधी कागदी चिकटपट्टी लावून त्यावर खूण करायची म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पूर्ण पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड बंद. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रीदादांनी हॅमर चालू ठेवून सुरुवात केली होती, मी थांबवलं. "मॅडम, रोजचं काम आहे आमचं" म्हणाले. म्हटलं दादा, असेल, पण ही टाइल फुटली तर तसली दुसरी माझ्याकडे नाही. मग त्यांनी बंद करून अगदी सावकाश पाडली आणि चारही भोकं स्वच्छ आली. स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग बसवण्याआधी भोकात थोडं सिलिकॉन भरून घ्या, नाहीतर टाइलच्या मागे पाणी मुरतं. भोकं पाडायच्या आधी भिंतीतून पाण्याचा पाइप किंवा वायर कुठून गेलीय ते मात्र शंभरदा तपासा. भाड्याचं घर असेल तर घरमालकांना विचारूनच. आम्ही विचारलं, त्यांनी हो म्हटलं आणि आता त्यांच्या स्वतःच्या घरातही लावलाय.

उंची आईच्या हिशोबाने ठरवली. तिला म्हटलं, "आई, हात सहज जातो तिथे बोट ठेव." तिने ठेवलं, तिथेच वरच्या दांडीची खूण केली. एकशे पंचेचाळीस सेंटीमीटर. मला आणि नवऱ्याला जरा खाली वाटतं पण आमचं काही अडत नाही, तिचं अडलं असतं.

आता खरा मुद्दा. स्टँड लावला, आणि पहिल्या आठवड्यात फरक पडला तो फक्त अर्धा. टॉवेल आधीपेक्षा बरे वाळायला लागले पण सकाळी तरी ओलसरच, आणि पंधरा दिवसांनी वास परत यायला लागला. तेव्हा मी जरा हट्टाला पेटले. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला, आणि माझा टॉवेल मोजायला सुरुवात केली. ७० बाय १४० सेंटीमीटरचा नेहमीचा टॉवेल, पूर्ण वाळलेला असताना ४७० ग्रॅम. आंघोळीनंतर ५९० ग्रॅम, म्हणजे एका आंघोळीत तो सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी पितो. रात्री आंघोळ, सकाळी वजन. दारावरच्या हुकला लटकवला तर सकाळी ५३५. स्टँडवर एकाच दांडीवर दुहेरी टाकला तर ५१०. मधली एक दांडी सोडून, म्हणजे एक बाजू एका दांडीवर आणि दुसरी बाजू तिसऱ्या दांडीवर, मधे तंबूसारखी पोकळी ठेवून टाकला तर ४९०. टॉवेल तोच, बाथरूम तेच, एवढा फरक. दुहेरी टाकलेल्या टॉवेलच्या आतल्या दोन बाजू एकमेकांना चिकटलेल्या असतात आणि तिथे नुसता हात घालून बघा, बाहेरून कोरडा लागणारा टॉवेल आतून गार लागतो. गार लागतोय म्हणजे अजून पाणी आहे.

पण ४९० म्हणजे अजून वीस ग्रॅम बाकी. आणि धुतलेल्या टॉवेलचं तर विचारूच नका, तो मशीनमधून निघतो तेव्हाच साधारण साडेसातशे ग्रॅम असतो, म्हणजे २८० ग्रॅम पाणी. हे पाणी जाणार कुठे? हा प्रश्न मी आधी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. पाणी वाळतं म्हणजे ते नाहीसं होत नाही, ते हवेत जातं, आणि हवेची घ्यायची एक मर्यादा असते. २८ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आमच्या बाथरूममध्ये हवा किती, एक पॉइंट दोन गुणिले दोन गुणिले दोन पॉइंट चार, पावणेसहा घनमीटर. म्हणजे अख्ख्या बाथरूमच्या हवेत मिळून दीडशे-एकशे पंचावन्न ग्रॅम पाणी मावणार. त्यातही हवा आधीच कोरडी नसते, आर्द्रता ६५ टक्के असेल तर शंभर ग्रॅम आधीच भरलेले. उरली जागा पन्नास-पंचावन्न ग्रॅमची. आणि आपण दार लावून आत २८० ग्रॅम पाणी असलेला टॉवेल टांगतो, एक नाही, चार.

हे गणित कागदावर मांडलं त्या दिवशी मला सगळं कळलं. एक टॉवेल वाळायचा तरी बाथरूममधली हवा कमीत कमी पाच वेळा पूर्ण बदलली पाहिजे. स्टँड कितीही चांगला घ्या, त्याचं काम फक्त कापड पसरून ठेवणं. वाळवणारी हवा आहे, आणि ती हलली पाहिजे, बाहेर गेली पाहिजे, नवी आत आली पाहिजे.

आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन होता, शंभर मिलिमीटरचा, पण तो आंघोळीपुरता लावायचो आणि बाहेर पडलो की बंद. त्याच्यावर लिहिल्याप्रमाणे तो तासाला ९० घनमीटर हवा बाहेर टाकतो, म्हणजे कागदावर तासाभरात पंधरा वेळा बाथरूमची हवा बदलली. प्रत्यक्षात पाइपची लांबी, जाळीवरची धूळ यात बरंच कमी होतं, माझी जाळी काढली तर तिच्यावर फेल्टसारखा धुळीचा थर होता, टॉवेलचेच धागे सगळे. जाळी धुतली आणि आवाजातच फरक पडला. दुसरी गोष्ट, फॅन हवा बाहेर काढतो पण आत यायला वाट नको का? आमचं दार खाली फरशीला अगदी टेकलेलं, दार लावलं की फॅन नुसताच घोंघावतो. टिश्यू पेपरचा तुकडा दाराच्या फटीपाशी धरून बघा, आत ओढला गेला तर हवा येतेय. आमचा हललाच नाही. मग सुताराकडून दार खालून दोन सेंटीमीटर कापून घेतलं. ज्यांना कापता येत नाही त्यांनी आंघोळ झाल्यावर दार चार बोटं उघडं ठेवावं, तेवढंही पुरतं.

आता रात्री शेवटची आंघोळ झाली की टॉवेल दोन दांड्यांवर पसरून फॅन दोन तास चालू ठेवतो. वीस वॅटचा फॅन आहे, दोन तासांत ४० वॅट-तास, म्हणजे एक युनिट व्हायला पंचवीस रात्री लागतात. सकाळी माझा टॉवेल ४७५. कधी कधी अगदी दमट दिवसात ४८५ भरतो पण हाताला कोरडा लागतो, कारण सुती कापड हवेतला थोडा ओलावा स्वतःत धरूनच ठेवतं, त्याची काळजी करायची नाही.

गरम होणाऱ्या टॉवेल दांडीबद्दल मैत्रिणींनी विचारलं म्हणून त्याबद्दलही लिहिते. नणंदेकडे आहे, मी तिच्याकडे आठवडाभर वापरलीय. थंडीत गरम टॉवेल अंगाला लागतो ते सुख आहेच, ते मी नाकारत नाही. पण वाळवण्याचा हिशोब बघा, २८० ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ०.१९ युनिट उष्णता लागते. साठ वॅटच्या दांडीला तेवढी द्यायला सव्वातीन तास, तेही सगळीच्या सगळी उष्णता टॉवेलमध्ये गेली तर, आणि ती जात नाही, बरीचशी खोलीत जाते. शिवाय झालेली वाफ बाहेर काढली नाही तर ती समोरच्या गार टाइल्सवर आणि आरशावर पाणी होऊन बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. नणंदेच्या बाथरूमच्या छताला तेच झालं होतं. तेव्हा फॅन आधी, गरम दांडी नंतर. आणि घ्यायचीच असेल तर वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच, ३० मिलीअँपिअरला सुटणारं लीकेज प्रोटेक्शन, म्हणजे वीज गळाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, असल्याशिवाय ओल्या जागेत विजेची वस्तू लावू नका, यात काटकसर करूच नका.

वासाबद्दल एक गोष्ट वाचली ती मला फार पटली. २०१२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी या कुबट वासामागचा जंतू शोधला, मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस असं नाव आहे. तो कापड वाळलं तरी मरत नाही, नुसता पडून राहतो, आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. म्हणूनच घडीतल्या टॉवेलला वास नाही आणि तोंड पुसलं की वास. म्हणजे एकदा वास धरलेला टॉवेल नुसता छान वाळवून सुधारत नाही. मी सगळे टॉवेल ६० डिग्रीला, ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट घालून धुतले, धुण्याआधी तासभर गरम पाण्यात त्यातच भिजवले. पाणी अक्षरशः करडं झालं होतं. रंगीत टॉवेलवर आधी लेबल बघा, आणि लोकर रेशीम यांना हे अजिबात नाही. फॅब्रिक सॉफ्टनर टॉवेलला पूर्ण बंद केला, तो धाग्यांवर थर धरतो आणि टॉवेल पाणी नीट टिपत नाही. त्यानंतर स्टँड आणि फॅन यांनी काम केलं, आठ महिन्यांत वास परत आला नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी जुना वास काढा, मग नवी सवय.

टॉवेल घेतानाच जीएसएम बघायचं हेही आता कळलं. म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. सहाशे-सातशेचा गुबगुबीत टॉवेल दुकानात हातात घेतला की मोह होतो, पण तो पाणीही तितकंच धरून बसतो आणि छोट्या बाथरूममध्ये रात्रीत वाळत नाही. चारशेच्या आसपासचा, किंवा वॉफल विणीचा, चौकड्या चौकड्यांचा येतो तो, लवकर वाळतो. लेकीला पोहण्यासाठी वॉफलचा घेतलाय, संध्याकाळी पसरला की झोपायच्या वेळेपर्यंत वाळलेला असतो. आई मात्र म्हणते, "अगं, अंगाला टोचतो गं तो, मला माझा जुनाच दे." तिला तिचाच ठेवलाय, तो फक्त भिंतीजवळच्या दोन दांड्यांवर, सगळ्यात जास्त जागा देऊन.

बारीक कपड्यांसाठी या स्टँडच्या शेवटच्या दांडीला मी चिमट्यांचा गोल हँगर अडकवते. बावीस चिमटे आहेत, मोजे, रुमाल, आतले कपडे सगळं त्यात. चिमटे लावताना एक लांब एक आखूड असं लावलं तर कपडे एकमेकांना घासत नाहीत आणि मधून हवा जाते. ब्रा पट्ट्यांवर टांगू नका, ओल्या वजनाने पट्ट्या लांबतात, मधल्या भागाला चिमटा लावा. लेकीचा कॉस्च्यूम कधीच पिळायचा नाही, कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलची वळकटी करायची आणि वळकटी दाबायची. मी त्यावर गुडघ्याने जोर देते. उघडून बघितलं की टॉवेलवर कॉस्च्यूमचा ओला ठसा उमटलेला असतो, बाह्यांसकट, आणि कॉस्च्यूम हातात घेतला तर जेमतेम दमट. मग दोन तासांत वाळतो.

स्टँडमध्ये खटकलेल्या गोष्टी आहेतच. दांड्यांमधलं अंतर पूर्ण उघडल्यावरही आठच सेंटीमीटर आहे, त्यामुळे एकाआड एक दांडी सोडावी लागते आणि सात दांड्यांचा स्टँड टॉवेलसाठी खरं तर तीनच टॉवेलचा होतो. चौघांच्या घरात चौथा टॉवेल दाराच्या मागे दांडीवर जातो, तो नवऱ्याचा, त्याची आंघोळ सकाळी असते त्यामुळे दिवसभर वाळायला मिळतो. कंपनीने पाचच दांड्या देऊन अंतर बारा सेंटीमीटर केलं असतं तर जास्त उपयोगी झालं असतं, दांड्यांची संख्या बॉक्सवर छापायला बरी दिसते, कपड्याला अंतर लागतं. मिटवताना पट्ट्यांच्या सांध्यात बोट चिमटू शकतं, लेकीचं एकदा चिमटलं, आता ती मधली दांडी धरून ढकलते, तसंच सगळ्यांना शिकवा. सांधे सुरुवातीला करकरत होते, सिलिकॉनच्या तेलाचा एक थेंब प्रत्येक सांध्यावर सोडला आणि लगेच पुसून घेतला, नाहीतर कपड्यांना लागतं.

चार स्टार देतेय. एक कापला तो अंतरासाठी आणि दांड्यांच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या टोपणांसाठी. चौदापैकी तीन टोपणं सहा महिन्यांत निघून पडली, आणि आत दांडीची कापलेली कडा धारदार आहे, तिच्यात आईच्या मोज्याचा धागा अडकून ओढला गेला. सुटी टोपणं मिळतात का विचारलं, नाही म्हणाले. सध्या त्या तीन टोकांवर खुर्चीच्या पायाला लावतात ते छोटे रबरी बूट बसवलेत, घट्ट बसलेत. तुम्ही घेतलात तर पहिल्याच दिवशी टोपणं काढून आत सिलिकॉनचा एक ठिपका देऊन परत दाबून बसवा.